आधी दादूसचा, मग माझा

दुसऱ्याच्या हॉलमध्ये शिरायचं आणि त्याच्या बायकोचा रोष ओढवून घ्यायचा, हा माझा धंदा. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण ‘एवढे मोठे खोके इथेच ठेवायचे का?’ हा प्रश्न ज्या आवाजात येतो तो आवाज मला पाठ आहे. नेरूळला माझा छोटासा गाळा होता. ॲम्प्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, जे काही गातं ते दुरुस्त करायचं आणि नवीन घेतलेलं घरी जाऊन बसवून द्यायचं. हल्ली गाळा भाड्याने दिलाय, गुडघे कुरकुरतात, तरी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतातच. ‘सावंत, डाव्या बाजूचा आवाज दबल्यासारखा वाटतोय, येऊन जा ना.’ गेलो की बहुतेक वेळा डाव्या स्पीकरसमोर कपडे वाळत घालायचा स्टँड उभा असतो.

या धंद्यात कळायला अवघड असं फार काही नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरची तोंडं माणसाकडे हवीत. बस. स्पीकरच्या मागे बसलात तर गाण्यातली सगळी बारीक कलाकुसर निघून जाते, नुसता खर्जाचा गदगद आवाज उरतो. हे मी इतक्या घरांत सांगितलंय की आता घरातला टीव्हीसुद्धा मी त्रिकोण पाहून लावतो. बायको म्हणते, जेवायला बसतानाही मोजपट्टी आणा.

गेल्या काही वर्षांत एक वेगळंच काम यायला लागलं. लोक म्हणायला लागले, आमच्या हाय-फायवर रेडिओ लावून द्या. रेडिओ म्हणजे आपला साधा, सकाळचा, भक्तिगीतं आणि बातम्यांचा. तो आता घरात येतच नव्हता. नवीन इमारतींत लोखंड ठासून भरलेलं, वर लिफ्ट, एलईडी दिवे, चार्जर. जुना मीडियम वेव्हचा सेट लावला की गाण्याऐवजी भुंगा बोलतो. जासईला कंटेनर यार्डाच्या जवळ राहणारे एक गृहस्थ तर रेडिओला कान लावून रडकुंडीला आले होते. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा एक छोटी डबी बसवली. ही डबी घरातल्या वायफायवरून केंद्राचं प्रसारण घेते आणि ॲम्प्लिफायरला देते. भूपाळी अशी स्वच्छ लागली की गायकाने श्वास कुठे घेतला तेही कळावं. मी खुशीत त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘सगला चांगला हाय, पन ह्यो आपला रेडिओ नाय वाटत. खरखर कुठं गेली?’ माझं तोंड पडलं.

या डिजिटल रेडिओत एक खोट आहे, ती मात्र मला नेरूळच्या एका निवृत्त साहेबांनी दाखवली. बातम्यांआधी वेळ सांगणारं जे पीप-पीप होतं, त्यावर ते रोज भिंतीवरचं घड्याळ लावायचे. डबी बसवल्यापासून त्यांचं घड्याळ मागे पडायला लागलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातला थोडासा वेळ चोरून नेला असावा. त्यांना मी समजावलं ते इथेही सांगतो. जुना रेडिओ म्हणजे थेट नळ, तिकडे सोडलं की इकडे आलं. डिजिटल रेडिओ म्हणजे सोसायटीची टाकी. आवाज आधी बारीक तुकडे करून पाठवतात, डबी ते थोडे साठवून घेते आणि मग वाजवते, म्हणजे मध्येच नेट अडखळलं तरी गाणं तुटत नाही. त्यामुळे तो नेहमी थोडा मागून येतो. एकट्या माणसाला हे कधी कळतही नाही. शेजारी कुणाचा जुना रेडिओ चालू असेल तरच कळतं.

शिरवण्याच्या जनार्दनशेठना ते कळलं, कारण त्यांच्या शेजारी दादूस राहत होते.

शिरवणे हे नेरूळमधलं मूळ गाव. आजूबाजूला सेक्टर वसले तरी आतल्या गल्ल्या पूर्वीसारख्याच अरुंद. वडिलांच्या मागे दोघा भावांची वाटणी झाली. थोरले हिराजी, त्यांना सगळे दादूस म्हणत, ते जुन्या घरात राहिले. धाकटे जनार्दन, त्यांनी आपल्या बाजूला चार मजली इमारत बांधली आणि पहिल्या मजल्यावर स्वतः राहायला लागले. दादूसच्या माडीची खिडकी आणि जनार्दनशेठच्या हॉलची खिडकी समोरासमोर. मधल्या गल्लीतून दोन माणसं एकमेकांपासून अंग चोरून जातात, इतकंच अंतर.

जमिनीवरून भांडण झालं नाही. तिथे दोघेही समजुतीने वागले. भांडण झालं वडिलांच्या रेडिओवरून. काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा मोठा लाकडी सेट, एकेकाळी ओट्यावर असायचा आणि अर्धी आळी ऐकायला जमायची. सगळ्याची वाटणी करता येते, रेडिओची कशी करणार? दादूसने तो उचलून आपल्या माडीवर नेला. जनार्दनशेठचं म्हणणं असं की बटण फिरवून केंद्र लावायचं काम लहानपणापासून त्यांचं होतं, वडील दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते, तर दादूसने एका शब्दाने विचारायचं तरी. तेव्हापासून बोलणं बंद. एकमेकांच्या घरच्या लग्नांत दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसले. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या अबोल्यात दोघांचेही केस पांढरे झाले होते.

जनार्दनशेठनी माझ्याकडून जो सेट बसवून घेतला, तो माझ्या हातून बसलेल्या उत्तम सेटपैकी एक. स्पीकर कमरेएवढ्या उंचीचे, ॲम्प्लिफायर दोन माणसांनी उचलायचा. एवढं सगळं त्यांना कशासाठी हवं होतं, तर सकाळी रेडिओ ऐकायला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे समोरच्या लाकडी सेटला दिलेलं उत्तर आहे. बसवून आलो आणि आठवडाभरात फोन.

‘सावंत, माझा रेडिओ मागं हाय.’

‘कशाच्या मागे?’

‘दादूसच्या. पयला त्याचा नमस्कार बोलतो, मग माझा बोलतो. आधी दादूसचा, मग माझा. रोजचा ह्योच खेल.’

मी जाऊन टाकीचं उदाहरण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे एवढा डोंगर बसवून तुमी मना शिलापाका रेडिओ दिला.’

मी म्हटलं, शेठ, हा कुणालाच पुढे करता येत नाही, जो आवाज अजून आलाच नाही तो मी वाजवू कुठून? ते खिडकी लावून घेऊन ऐकायला लागले. पण खिडकी लावली तरी दादूसचा सेट मोठ्या आवाजाचा, तो आत यायचाच. शेठ कपाळाला आठ्या घालून बसायचे, आणि निवेदकाचा नमस्कार दोनदा व्हायचा.

मला हसू येत होतं. घरी येऊन बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली होती. पुढे दादूसचा सेट घरघरायला लागला म्हणून त्यांच्याकडून बोलावणं आलं, तेव्हा ते हसू थांबलं.

सेटमधला कंडेन्सर म्हातारा झाला होता, तो बदलला. दादूसच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा आणला. दादूस तब्येतीने तोळामासा, दोन वाक्यांत एकदा दम लागायचा. सेट सुरू करून आम्ही तो तापायची वाट बघत बसलो होतो. व्हॉल्व्हचा सेट लगेच बोलत नाही.

‘तिकरचा मागून येतो, तो कशाला?’ त्यांनी समोरच्या खिडकीकडे बोट दाखवून विचारलं.

मी पुन्हा टाकी सांगितली. ते मान हलवत राहिले.

‘मी आवाज मोठा ठेवतो, वयनी तुमची वराडते,’ ते म्हणाले. ‘माझा बोलून झाला का थोर्‍या वेलानं त्याचा बोलतो. तो आयकला का मना कलतं, जन्या उठला, बसला हाय. एक दिस त्याचा नाय आयकला, तर चाय गेली नाय मना.’

वहिनी म्हणाल्या, ‘त्या दिशी भावजी लग्नाला गेलते उरनला. ह्यांना कोन सांगनार?’

मग दादूसने जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. ‘सावंत, माझा जरा थांबवता येल का? त्याला कवापासून मागं र्‍हावं लागतं.’

एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला आवाज मोठा करायला सांगितला, खोल करायला सांगितला, शेजाऱ्याच्या वरचढ करायला तर शंभरांनी सांगितला. स्वतःचा थांबवा म्हणणारा हा एकच माणूस. मी उगाच पाना पुसत बसलो.

एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. आम्ही लोकांच्या आतल्या खोल्यांपर्यंत जातो, तोंड सैल असेल तर दुसऱ्यांदा कुणी दार उघडत नाही. तरी त्या दिवशी मी गल्ली ओलांडून शेठकडे गेलो आणि एवढंच म्हणालो, ‘दादूस आपला रेडिओ थांबवायला तयार आहेत. दोन्ही बरोबर वाजतील.’

शेठ बराच वेळ रिमोटच्या पाठीमागची पट्टी उघडत-लावत बसले. ‘मी कवा बोललू थांबव म्हनून? मी माझा फुडं कराला सांगितला.’ मग तोंड फिरवून म्हणाले, ‘कवा करनार?’

व्हॉल्व्हच्या सेटला थांब म्हणता येत नाही. एकच उपाय होता. जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला एक सॉकेट असे. तिथे शेठकडे आहे तशीच डबी जोडायची. म्हणजे लाकूड तेच, स्पीकरचा पडदा तोच, आतला मऊ आवाज तोच, पण रेडिओ डिजिटल. मग केंद्राचा काटा नुसता शोभेचा होतो, बटण कितीही फिरवलं तरी काही बदलत नाही. हे मी दादूसना आधीच स्पष्ट सांगितलं. वडिलांची वस्तू, नंतर हळहळ नको. ते म्हणाले, ‘बटन फिरवाचं काम तसंबी त्याचंच व्हतं.’

आता वाचकांना वाटेल की दोन्हीकडे सारख्या डब्या लावल्या की झालं. नाही होत. कुठली डबी किती साठवून घेईल ते ती लावल्याच्या क्षणावर ठरतं. दोन्हीकडे एकाच वेळी बटण दाबलं तर दोन्ही जवळपास जोडीने चालतात, नाहीतर पुन्हा पुढे-मागे. त्यामुळे बरोबर दाबायला कुणीतरी इशारा द्यायला हवा. मी ठरवलं होतं की माडीच्या खिडकीत उभं राहून मीच हाक मारीन. पण ते जुनं सॉकेट ढिलं निघालं. तार बोटाने दाबून धरली तरच आवाज यायचा, सोडली की गप्प. मी सेटच्या मागे भिंतीशी वाकून अडकलो, मान वर करायची सोय नाही. समोर शेठ रिमोट घेऊन खिडकीत उभे. दादूस डबीच्या बटणावर बोट ठेवून उभे. मी हाक मारणार तोच माझ्या डोक्यावरून दादूसचा आवाज आला.

‘जन्या.’

समोर रिमोटची पट्टी उघडल्या-लावल्याचा आवाज.

‘जन्या, लाव.’

आणि दोन्हीकडून एकदम सनई सुरू झाली. मला भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. पण त्या अरुंद गल्लीत दोन बाजूंनी एक सनई आली आणि मधोमध मिळाली, ती मी ऐकली. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. वहिनी तोंडाला पदर लावून माडीच्या पायरीवर बसल्या होत्या, हे मागून बाहेर आल्यावर दिसलं.

थोड्या वेळाने समोरून शेठचा आवाज आला. ‘दादूस, तुझा जरा मागं हाय. बंद कर. परत लावू.’

सॉकेट मी नंतर नीट केलं. पण हाक काही बंद झाली नाही. डबी रोज सकाळी नव्याने लावावी लागते आणि रोज थोडी चुकते. म्हणून रोज दादूस खिडकीत यायचे, ‘जन्या, लाव.’ चुकलं की शेठ, ‘बंद कर, परत.’ असं करत करत मधल्या वेळात एखादं वाक्य जास्तीचं पडायला लागलं. पाव आला का. गुडघा कसा हाय. सून कवा येते. दोन्हीकडच्या डब्या एका ॲपवर जोडून कायमच्या जुळवून देता येतात, हा उपाय मला माहीत होता. तो मी कुणालाही सांगितला नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःवर खूश आहे.

मात्र गल्ली ओलांडून कुणीच गेलं नाही. खिडकीतून बोलणं वेगळं आणि उंबरा ओलांडणं वेगळं. शेठ म्हणायचे, थोरल्याने आधी यावं. दादूसच्या मनात होतं. एकदा सेटची धूळ झाडायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘दिवालीला जातो त्याच्याकरं. तुमी तो मोठा बसवलाय ना, त्याच्या समोर बसून आयकाचा हाय. इथून नुसता उडता उडता येतो.’ मी म्हटलं, बरोबर मधल्या जागी बसा, शेठना उठवा तिथून. ते हसले आणि त्यांना दम लागला. ही गोष्ट मी समोर शेठना सांगितली, या वेळी शिस्त वगैरे मनातही आली नाही. शेठनी काही दाखवलं नाही, पण पुढच्या वेळी गेलो तर सोफ्यावर मधल्या जागी नवीन गादी घातलेली होती आणि शेठ स्वतः खुर्चीवर बसत होते.

दादूस नवरात्रात गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत. मी गेलो तेव्हा घरासमोर गल्लीत माणसं मावत नव्हती. शेठ जुन्या घराच्या ओट्यावर बसले होते. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच त्या उंबऱ्यातून आत गेले होते, दादूसला बाहेर आणायला. मला पाहून ते ओट्यावर थोडे सरकले. मी शेजारी बसलो.

तेराव्यानंतर दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. ‘सावंत, सेट चालत नाय.’

मी पिशवी घेऊन गेलो. वायर, डबी, वायफाय, सगळं पाहिलं. कशातच काही नव्हतं. सोफ्यावरची गादी तशीच होती, कोरी. शेठ खुर्चीवर, हातात रिमोट.

‘शेठ, सेट ठीक आहे. बटण दाबा.’

‘कसा दाबू?’ ते म्हणाले. ‘रोज इथं येऊन बसतो. लाव म्हनून कोन बोलतच नाय.’

मी रिमोट घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. माझेही डोळे भरून आले. दुरुस्तीच्या पिशवीत यावर काही नसतं. समोरच्या माडीची खिडकी उघडी होती, आत लाकडी सेटवर पांढरं फडकं टाकलेलं दिसत होतं. वहिनी काहीतरी न्यायला माडीवर आल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, आमच्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. त्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. अबोल्याच्या इतक्या वर्षांत आणि नंतर हाका सुरू झाल्यावरही, त्या खिडकीतून कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘लावा.’

शेठनी बटण दाबलं. नमस्कार आला. शेठ तसेच मान तिरकी करून थांबले, समोरचं ऐकायच्या सवयीने. समोरून काही आलं नाही. वहिनी फक्त खिडकीत उभ्या होत्या.

‘सावंत,’ शेठ म्हणाले, ‘हे दोनी खोके तिकरं फिरवा.’

स्पीकरची तोंडं खिडकीकडे करणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलोय. त्या दिवशी मी काही न बोलता दोन्ही स्पीकर उचलून खिडकीशी नेले, तोंडं गल्लीकडे केली, वायरी पुरत नव्हत्या त्या वाढवल्या. शेठनी आवाज मोठा केला. समोर वहिनी सेटवरचं फडकं काढून त्याची घडी घालत होत्या. भजन लागलं होतं. आमच्याकडे त्यातला नुसता गदगद आवाज येत होता, शब्द सगळे समोरच्या माडीवर जात होते. ती कोरी गादी मध्ये ठेवून शेठ एका बाजूला बसले, मी दुसऱ्या बाजूला बसलो, आणि भजन संपेपर्यंत आम्ही स्पीकरच्या मागून ऐकत राहिलो.